जुन्या विंडोजचे सेटअप: जपायचे काय, कसे आणि कशासाठी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर, औंढा, जवळा बाजार, वसमत या पट्ट्यात दुकानांत, शाळांत आणि घरांत वापरात असलेले बरेच संगणक त्याआधीचे आहेत. त्यामुळे सध्या जो तो एकच विचारतो, आता नवीन काय टाकायचं? त्याला उत्तरं देणारे पुष्कळ आहेत. मला इथे दुसऱ्या बाजूचा आढावा घ्यायचा आहे: जुनं पुन्हा टाकायची वेळ आली, तर त्याचा सेटअप कुणाकडे शिल्लक आहे का?

हा छंदाचा विषय आहे असं शहरातल्या अनेकांना वाटतं. जुने संगणक जमवणारे लोक जगभर आहेत आणि त्यांचं काम मोलाचं आहे, पण आपल्याकडे या प्रश्नाची मुळं वेगळी आहेत. साधारण १९९० ते २०१० या वीस वर्षांत संगणकावर जे मराठी लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक त्या काळच्या विंडोजला, त्या काळच्या फाँटला आणि त्या काळच्या सॉफ्टवेअरला बांधलेलं आहे. इंग्रजीतलं १९९५ चं पत्र आजच्या कुठल्याही संगणकावर उघडतं. मराठीतलं २००३ चं पत्र उघडलं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा खिचडा दिसतो.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. तेव्हा बाजारात विंडोज ९८ होती. जिल्ह्याचा जन्म आणि आपल्याकडे कागद संगणकावर तयार होऊ लागण्याचा काळ एकच आहे. स्थानिक साप्ताहिकं, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, पहिल्या काही निवडणुकांची हस्तपत्रकं हे सगळं त्या यंत्रांवर जुळवलं गेलं. छापील प्रती वाळवीने आणि रद्दीवाल्याने नेल्या. मूळ फाइल कुठे असेल, तर ती एखाद्या डीटीपीवाल्याच्या जुन्या हार्ड डिस्कवर.

मराठी या यंत्रांत कशी शिरली ते थोडक्यात सांगायला हवं, कारण काय जपायचं हे त्यावर ठरतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ‘जिस्ट’ हे तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. सुरुवातीला जिस्टचं एक कार्ड संगणकात बसवावं लागे आणि मग डॉसवरच्या वर्डस्टार, डीबेस यांसारख्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटे. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची मानक संकेतप्रणाली ठरली. विंडोज आल्यावर मात्र बाजार फाँटच्या दिशेने गेला. सी-डॅकचे आयएसएम आणि लीप ऑफिस, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, बंगळूरचं आकृती, शिवाय कृतीदेव आणि शिवाजी, प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीने मराठी आकार बसवले. श्रीलिपीत जो संकेत ‘क’ दाखवतो, तो सी-डॅकच्या ‘सुरेख’ फाँटमध्ये दुसरंच काही दाखवतो.

युनिकोडची देवनागरी १९९१ पासून कागदावर होती, पण विंडोजमध्ये ती पहिल्यांदा नीट आली २००० च्या फेब्रुवारीत, विंडोज २००० बरोबर आणि मंगल फाँटबरोबर. पुढच्या वर्षी, २५ ऑक्टोबर २००१ रोजी एक्सपी आली. एक्सपी मराठी जाणत होती, पण विकत घेतलेल्या संगणकात ती क्षमता बंद असे.

ती चालू करण्याची रीत आठवत असेल त्यांना सेटअप जपण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडायचं, ‘लँग्वेजेस’ या टॅबवर जायचं आणि गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फाइल बसवण्याच्या चौकटीत खूण करायची. लगेच एक सूचना येई, ओके केलं की दुसरी येई: एक्सपीची सीडी घाला. सीडीवरच्या आय-३८६ नावाच्या फोल्डरमध्ये ‘लँग’ नावाचं छोटं फोल्डर असतं, त्यातून काही फाइल उचलल्या जात. संगणकात सर्व्हिस पॅक २ आणि हातातली सीडी पहिल्या आवृत्तीची, असं झालं की तो ती सीडी नाकारून सर्व्हिस पॅकची मागे. सीडी नसेल तर मराठी नाही, इतका सरळ हिशेब होता. जाणते दुकानदार म्हणून अख्खं आय-३८६ फोल्डर गिऱ्हाइकाच्या डी ड्राइव्हवर टाकून ठेवत. सेटअप पुढच्या वेळेसाठी जपणं म्हणजे काय, ते आपल्याकडे सगळ्यांत आधी या कारागिरांना कळलं होतं.

या कारागिरांकडे सीड्यांचे जाडजूड पाऊच का असत, यालाही मराठवाड्याचं कारण आहे. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण भागात दिवसातले कित्येक तास भारनियमन असे. विंडोज ९८ ज्या फॅट३२ पद्धतीने डिस्कवर नोंदी ठेवे, तिला अचानक गेलेली वीज सोसत नसे. स्कॅनडिस्क चाले, फाइल तुटत, आणि दोन-चार महिन्यांत ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाका’ हाच उपाय उरे. इंटरनेट डायल-अपचं, त्यावरून सहाशे एमबीची सीडी उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे मदरबोर्डच्या ड्रायव्हर सीड्या, विंडोजच्या सीड्या, बूट फ्लॉप्या, पेजमेकर, कोरल ड्रॉ, टॅली हे सगळं प्रत्येक दुकानात हाताशी लागे. हे पाऊच तालुक्याच्या गावांतून अजून सापडतात, पण दुकानाची जागा बदलली की ते भंगारात जातात. आपल्या भागाचं सॉफ्टवेअरचं संग्रहालय कुठे असेल, तर ते या पाऊचमध्ये आहे, आणि त्याची नोंद कुठेही नाही.

एका छापखान्याचं उदाहरण जवळून सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही. मालक साठीपुढचे, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्याकडे पेंटियम ४ चा एक संगणक आहे, त्यावर एक्सपी, पेजमेकर ७ आणि श्रीलिपी. मागच्या बाजूला प्रिंटरच्या समांतर पोर्टला एक लॉक लावलेलं. लॉक काढलं की श्रीलिपी चालत नाही. एका गावाने आपल्या देवस्थानाच्या जुन्या स्मरणिकेची नवी आवृत्ती काढायची ठरवली आणि २००४ ची फाइल काकांकडे निघाली. त्यांच्या मुलाने नवा लॅपटॉप आणला होता, त्याला वाटलं फाइल तिकडे नेऊ. पण इनडिझाइनच्या अलीकडच्या आवृत्त्या पेजमेकरची फाइल उघडत नाहीत. समजा फाइल उघडली, तरी फाँट हवा. फाँट मिळाला, तर जोडाक्षरं नीट बसवायला श्रीलिपी हवी, श्रीलिपीला लॉक हवं, लॉकला समांतर पोर्ट हवा आणि त्या लॉकचा ड्रायव्हर एक्सपीपर्यंतच चालतो.

‘‘काका, ही हार्ड डिस्क गेली तर?’’ मी विचारलं.

‘‘मग स्मरणिका पहिल्यापासून टाइप करायची, सर,’’ ते म्हणाले, ‘‘आणि प्रूफं तपासणारे गुरुजी आता राहिले नाहीत.’’

त्यांच्याकडे एक्सपीची मूळ सीडी होती, डब्यासकट. ड्रायव्हर सीडी मात्र चरे पडून निकामी झाली होती. अशा वेळी माणूस कंपनीच्या संकेतस्थळाकडे वळतो, आणि या प्रश्नातली सगळ्यांत मोठी अडचण तिथेच उभी राहते.

कंपन्या जुनं सामान काढून टाकतात. इंटेलने आपल्या जुन्या डेस्कटॉप मदरबोर्डांचे ड्रायव्हर आणि बायोस २०१९ च्या नोव्हेंबरात संकेतस्थळावरून हटवले. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने एसएचए-१ या जुन्या सहीच्या सगळ्या फाइल आपल्या डाउनलोड केंद्रातून काढल्या. त्यात विंडोज २००० आणि एक्सपीच्या काळातल्या असंख्य उपयोगी गोष्टी गेल्या. सुरक्षेच्या दृष्टीने कारण पटण्यासारखं आहे, कारण एसएचए-१ ची सही बनावट करता येते हे सिद्ध झालेलं होतं. पण ज्याला त्या फाइलची खरीच गरज आहे, त्याला कंपनीने दुसरी वाट ठेवली नाही. गूगलचं विंडोजसाठीचं मराठी इनपुट टूल महाराष्ट्रातल्या कार्यालयांत घरोघरच्या गॅससारखं रुळलं होतं. तेही कंपनीने मागे घेतलं. ज्यांनी त्याचा पूर्ण, ऑफलाइन सेटअप आधी उतरवून ठेवला, त्यांचंच काम पुढे चालू राहिलं.

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा. काही सेटअप दिसायला सेटअप असतात, आकाराने एक-दोन एमबीचे. ते चालवले की इंटरनेटवरून खरी सामग्री ओढून आणतात. पलीकडचा सर्व्हर बंद पडला की अशी फाइल जपून ठेवली काय आणि नाही काय, सारखंच. जपायचा तो नेहमी पूर्ण सेटअप. फाइलचा आकार पाहिला तरी अंदाज येतो.

ॲपलच्या जगात हीच अडचण वेगळ्या रूपात येते. पुण्या-मुंबईच्या जाहिरात संस्थांत आणि प्रकाशनगृहांत मॅक वापरतात, त्यांच्यासाठी हे सांगतो. मॅकओएसचा सेटअप उतरवला की तो ‘ॲप्लिकेशन्स’ फोल्डरमध्ये बसतो आणि एकदा वापरला की स्वतःला पुसून टाकतो. म्हणून बसवण्याआधीच त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी लागते. एवढी काळजी घेतलेल्यांनाही २४ ऑक्टोबर २०१९ रोजी धक्का बसला. जुन्या सेटअपांवरच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत त्या दिवशी संपली आणि धडधाकट फाइल ‘खराब’ म्हणून नाकारल्या जाऊ लागल्या. ॲपलने नव्या सहीच्या प्रती दिल्या, आणि ज्यांच्याकडे जुन्याच होत्या त्यांनी संगणकाचं घड्याळ मागे नेऊन काम भागवलं. ॲपलचं एक चांगलं आहे. अनेक जुन्या आवृत्त्या कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवते. लायन आणि माउंटन लायन या आवृत्त्यांना आधी पैसे पडत, २०२१ मध्ये त्या मोफत केल्या.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची शिस्त या बाबतीत सगळ्यांत चांगली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. डेबियन, उबुंटू, सेंटओएस यांच्या जुन्या आवृत्त्यांची संग्रहस्थळं उघडी आहेत, कुणीही उतरवू शकतो, आणि तसं करणं पूर्ण कायदेशीर आहे. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत २००७ मध्ये ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेतला भारतातला पहिला प्रयोग झाला. वीसेक मुलांना हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मिळाले. त्यांवर फेडोरा लिनक्सच्या पायावरची ‘शुगर’ नावाची प्रणाली होती. तो प्रयोग कधीच थांबला, पण शुगर मुक्त असल्यामुळे तिच्या प्रती आजही काढता येतात. त्याच वर्षी सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स आली, तीही डेबियनच्या पायावर. ज्या शाळांना त्या काळी ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी किंवा उबुंटूने टपालाने फुकट पाठवलेली सीडी मिळाली होती, त्यांनी ती अजून कपाटात ठेवली असेल तर टाकू नये. उबुंटूची ती टपाल योजना २००५ ते २०११ अशी चालली.

पण मुक्त जगातही दारं बंद होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट संगणकांसाठीचा सेटअप देणं बंद केलं. २००५ च्या आसपासचा एखादा संगणक वाचनालयात नुसता वाचण्या-लिहिण्यासाठी ठेवायचा असेल, तर डेबियन १२ चा ३२-बिट सेटअप आजच उतरवून ठेवावा. तो संग्रहात राहीलच, पण गावातलं नेट कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

हा प्रश्न छापखान्या-शाळांपुरता नाही. सिद्धेश्वर म्हटलं की लोकांना धरण आठवतं. पूर्णा नदीवरचं हे धरण येलदरीच्या खालच्या अंगाला, पूर्णा प्रकल्पाचा भाग म्हणून १९६८ मध्ये पुरं झालं. परभणी-हिंगोलीच्या कित्येक गावांची शेती त्याच्या कालव्यांवर आहे. अशा नद्यांच्या पाण्याची पातळी, विसर्ग, पाऊस यांच्या नोंदी आधी वह्यांत होत. १९९५ ते २००३ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने जलविज्ञान प्रकल्प राबवला गेला, महाराष्ट्र त्यात होता. भूपृष्ठावरच्या पाण्याच्या नोंदींसाठी तेव्हा ‘एसडब्ल्यूडीईएस’ आणि विश्लेषणासाठी ‘हायमॉस’ ही सॉफ्टवेअर वापरात आली. दोन्ही विंडोजवरची. पुढे नोंदी नव्या, ऑनलाइन प्रणालींकडे वळत गेल्या. हा योग्य रस्ता आहे: माहिती नव्या घरात हलवायची आणि जुनं घरही लगेच पाडायचं नाही. स्थलांतरात आकडा चुकला अशी शंका वीस वर्षांनी आली, तर मूळ फाइल मूळ प्रोग्रॅममध्ये उघडून पाहण्यावाचून इलाज नसतो. पाण्याच्या वाटपावरून वाद होणाऱ्या गोदावरी खोऱ्यात ही चैन नव्हे.

याच औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली, तिची आधारसामग्री आज जगातला कुणीही विद्यार्थी उतरवून गणित पुन्हा करून पाहू शकतो. लायगोचं बरंच विश्लेषण ‘सायंटिफिक लिनक्स’वर झालेलं आहे आणि तिच्या शेवटच्या आवृत्तीची देखभाल जून २०२४ मध्ये संपली. तेच गणित तसंच्या तसं पुन्हा करायचं तर ती प्रणाली मिळायला हवी, आणि ती मिळते, कारण ती कुणी लपवून ठेवली नाही. आपल्या तालुक्यात उद्या जे विज्ञान घडेल, त्याच्या आयुष्यातही हा प्रश्न आहे.

आता नेमकं काय जपायचं. नुसती आयएसओ फाइल ठेवून भागत नाही, हा अनुभव आहे. एक्सपीचा सेटअप २००७ नंतरच्या संगणकावर चालवून पाहा. निळ्या पडद्यावर फाइल भरल्या जातात आणि मग ७बी क्रमांकाची चूक देऊन सगळं थांबतं. कारण त्या काळच्या सेटअपला साटा डिस्कची एएचसीआय पद्धत कळत नाही. सुरुवातीला तळाशी ‘एफ६ दाबा’ अशी ओळ काही सेकंद येते, ती दाबली की ड्रायव्हर मागितला जातो, पण तो फक्त फ्लॉपीवरून. सोनीने फ्लॉपी बनवणं मार्च २०११ मध्ये थांबवलं, तेव्हा आता फ्लॉपी आणायची कुठून? बायोसमध्ये जाऊन साटाची पद्धत आयडीई करून ठेवली तर बहुतेक जुन्या बोर्डांवर काम होतं. विंडोज ७ ची तऱ्हा निराळी. तिच्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत. नव्या बोर्डावर भाषा निवडायचा पडदा येतो आणि माउस, कीबोर्ड दोन्ही मुके होतात. शिवाय तिचे नंतरचे अपडेट घ्यायचे तर केबी४४७४४१९ ही फाइल आधी हाताने बसवावी लागते, कारण २०१९ पासून अपडेटवर एसएचए-२ ची सही असते.

म्हणून सेटअपच्या शेजारी त्या संगणकाच्या मदरबोर्डचे, ग्राफिकचे, आवाजाचे आणि प्रिंटरचे ड्रायव्हर हवेत. सर्व्हिस पॅक हवेत. मराठी कामासाठी फाँटच्या फाइल, कीबोर्ड लेआउटचा छापील तक्ता आणि लॉकचा ड्रायव्हर हवा. परवान्याची की हवी, कारण संगणकाच्या पाठीवरचं स्टिकर उन्हाने आणि घामाच्या हातांनी काही वर्षांत कोरं होतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढून तो सेटअपच्या फोल्डरमध्येच टाकावा. आणि एक साधी मजकूर फाइल हवी, मराठीत, युनिकोडमध्ये: हा सेटअप कोणत्या यंत्राचा, कुठून मिळाला, कोणत्या क्रमाने काय बसवायचं. हा क्रम आज तोंडपाठ असतो. पाच वर्षांनी तो कुणालाच आठवत नाही, आणि दुकान मुलाच्या हाती गेलं असेल तर विचारायचं कुणाला?

प्रत खरी आहे की नाही हे कसं कळणार? प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हा ठसा काढता येतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा त्यासाठी आयतीच आहे. चौसष्ट अक्षरांचा तो ठसा मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवला, की दर वर्षी पुन्हा काढून ताडता येतो. एक अक्षर बदललं तरी समजायचं, फाइल बिघडली. हाच ठसा बनावटही पकडतो. रस्त्यावर मिळणाऱ्या ‘सात-इन-वन’ सीड्या आणि कुणीतरी रंगरंगोटी केलेल्या एक्सपी जपून ठेवण्याच्या लायकीच्या नाहीत. त्यांत कुणी काय घुसवलं ते कळायला मार्ग नाही. असा सेटअप संग्रहात ठेवणं म्हणजे पुढच्या माणसाच्या घरात रोग ठेवून जाणं.

कशावर जपायचं, याचं उत्तर थोडक्यात देता येतं: एकाच जागी ठेवू नका. घरी लिहिलेल्या सीडीवर रंगाचा थर असतो, तो मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत लवकर विटतो. पावसाळ्यात बुरशी लागते. कारखान्यात छापलेली सीडी जास्त टिकते. सीडीच्या वरच्या बाजूला बॉलपेनने लिहू नये, तिथेच खाली माहितीचा थर असतो. पेनड्राइव्ह न्यायला-आणायला ठीक, पण वर्षानुवर्षं बंद ठेवला तर त्यातली माहिती झिजते. दोन वेगळ्या हार्ड डिस्क, एक दुकानात आणि एक घरी, शिवाय जमल्यास ऑनलाइन तिसरी प्रत, एवढं पुरतं. वर्षातून एकदा, समजा दिवाळीच्या साफसफाईत, दोन्ही डिस्क लावून ठसे ताडायचे.

कायद्याचा भाग टाळून चालणार नाही. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२(१)(एए) प्रमाणे कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याला हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत काढता येते. म्हणजे आपण विकत घेतलेल्या विंडोजच्या सीडीची आयएसओ काढून ठेवणं गुन्हा नाही. ती दुसऱ्याला वाटणं किंवा विकणं मात्र गुन्ह्यात मोडतं, आणि चोरीची प्रत जाणूनबुजून वापरण्यालाही कलम ६३-बी मध्ये किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद आहे. कंपनीने विक्री बंद केली म्हणून हक्क संपत नाहीत. प्रकाशनानंतर साठ वर्षं ते टिकू शकतात, म्हणजे विंडोज ९८ साठी २०५८ पर्यंत थांबावं लागेल. तोवर एकही सीडी उरलेली नसेल.

सार्वजनिक ग्रंथालयांचे हात या कामात कायद्याने बांधून ठेवले आहेत, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकते. कलम ५२(१)(एन) ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करू देतं, पण मूळ प्रत बिगर-डिजिटल असेल तरच. पुस्तक चालतं, सीडी चालत नाही. १९५४ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना द्यावी लागते. सॉफ्टवेअरसाठी असं काहीच नाही. त्यामुळे श्रीलिपीची पहिली आवृत्ती, जिस्टचं पहिलं कार्ड, आयएसएमची फ्लॉपी यांची प्रत सरकारी संग्रहात असलीच पाहिजे, असा नियम आजही नाही. मराठी संगणकावर आली त्या घटनेचे हे मूळ पुरावे आहेत.

जगात यावर काम चालू आहे. फ्रान्सच्या इन्रिया या संस्थेने २०१६ मध्ये ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ उघडलं, पण ते स्रोत-संहिता गोळा करतं, बसवण्याच्या सीड्या नाहीत. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांची संहिता २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयाला दिली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ४.० आवृत्ती मुक्त परवान्याने खुली केली. म्हणजे कंपन्यांचं मन वळू शकतं, वेळ लागतो इतकंच. पुण्यात सी-डॅकमध्ये डिजिटल जतनासाठी राष्ट्रीय केंद्र २०११ पासून आहे, पण त्याचा भर शासकीय अभिलेख आणि दस्तऐवज टिकवण्यावर राहिला. त्या अभिलेखांना उघडणारी यंत्रणा टिकवण्याचं कामही त्याच केंद्राने अंगावर घ्यावं, असं मला वाटतं. मराठी फाँटच्या ज्या कंपन्या अजून उभ्या आहेत त्यांनी आपल्या वीस वर्षांपूर्वीच्या आवृत्त्या, लॉकशिवाय, केवळ जुन्या फाइल उघडण्यापुरत्या खुल्या केल्या, तर मराठीवर मोठे उपकार होतील.

जुनी प्रणाली बसवली की ती इंटरनेटला जोडायची नाही, हा नियम मी अपवाद न ठेवता सांगतो. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला बंद केलेल्या एक्सपीसाठीही तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना बजावलं, की देखभाल संपलेल्या प्रणालींवरची सगळी एटीएम जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदला. बँकेला जे लागू, ते पतसंस्थेलाही लागू. वजनकाट्याला जोडलेला जुना संगणक वजनकाट्यालाच जोडलेला राहू द्या, वाय-फायला नको.

याहून चांगला मार्ग म्हणजे जुनी विंडोज नव्या संगणकाच्या आत, आभासी यंत्रात बसवणं. व्हर्च्युअलबॉक्स आणि क्यूईएमयू हे दोन्ही मुक्त प्रोग्रॅम ते करतात, आणि विंडोज ९८ सारख्या प्रणालींसाठी ८६बॉक्स त्या काळचा अख्खा संगणक हुबेहूब उभा करतो. साटा, यूएसबी, ड्रायव्हर या सगळ्या कटकटी तिथे जवळपास मिटतात. पूर्ण बसवून झालेल्या यंत्राची डिस्क म्हणजे एकच फाइल असते, ती उचलून दुसरीकडे ठेवता येते. यूएसबीचं लॉक आभासी यंत्राला देता येतं. समांतर पोर्टचं लॉक मात्र बहुतेक वेळा आत पोचत नाही, आणि काकांच्या छापखान्यात गाडी अजून तिथेच अडलेली आहे. आम्ही निदान त्यांच्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रतिमा दोन डिस्कवर काढली, सीडीची आयएसओ केली आणि स्मरणिकेची पानं उघडून पीडीएफमध्ये छापून घेतली. मजकूर निदान डोळ्यांनी वाचता येतो.

हिंगोली, परभणी, नांदेड भागात ज्यांनी १९९५ ते २०१० या काळात संगणकाचं किंवा डीटीपीचं दुकान चालवलं, एमएस-सीआयटीचं केंद्र चालवलं किंवा शाळेची संगणक खोली सांभाळली, त्यांना माझी विनंती आहे. तुमचा सीडीचा पाऊच भंगारात देऊ नका. एक रविवार काढा, ज्या सीड्या वाचल्या जातात त्यांच्या आयएसओ करा, ड्रायव्हर सीड्या आधी घ्या, कारण त्या दुसरीकडे मिळणार नाहीत. प्रत्येकीच्या बरोबर दोन ओळींची मराठी नोंद लिहा. आणि जिच्यावर मराठी फाँटचं सॉफ्टवेअर आहे ती सीडी, तिचं लॉक आणि तिची पुस्तिका एकाच डब्यात ठेवून डब्यावर वर्ष घाला.